उतारवयातील खांद्याचा अस्थिभंग : उपचार आणि कुटुंबाचे कर्तव्य

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त छत्रपती संभाजीनगर येथे एका अस्थिरोगतज्ज्ञांनी दिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या परंपरेने आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. सुवर्ण महोत्सवाच्या कार्यक्रमांत आरोग्याच्या व्याख्यानाला स्थान देऊन ट्रस्टने औषधदानाला ज्ञानदानाची जोड दिली, याबद्दल मी विश्वस्तांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो.

आजचा विषय निवडताना मी थोडा विचार केला. गुडघ्याविषयी आपल्या समाजाला पुष्कळ माहिती आहे. पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी 'इंडस' हा स्वदेशी कृत्रिम गुडघा विकसित केला, २०१२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, हे येथील अनेकांना अभिमानाने ठाऊक आहे. खुब्याच्या हाडाविषयीही घरोघरी बोलले जाते. खांद्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. वस्तुतः मणक्याचे अस्थिभंग बाजूला ठेवले, तर वृद्धापकाळात मोडणाऱ्या हाडांत खुबा आणि मनगट यांच्यानंतर खांद्याचाच क्रमांक लागतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत याचे प्रमाण दुपटीहून अधिक आहे.

खांदा मोडल्याने माणूस अंथरुणाला खिळत नाही, म्हणून घरातील मंडळी ती गोष्ट तितकी गंभीर मानत नाहीत. परंतु ज्या आजींचा हात खांद्यापर्यंत उचलला जात नाही, त्यांना स्वतःची वेणी घालता येत नाही, पदर सावरता येत नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही आणि अभिषेकाचा कलश उचलता येत नाही. ज्या व्यक्तीने चाळीस वर्षे सारे घर सांभाळले, तिला प्रत्येक लहान गोष्टीसाठी सुनेला हाक मारावी लागते. म्हणून या विषयात पणाला लागलेली गोष्ट आहे ती वृद्ध माणसाचे स्वावलंबन.

खांद्याची रचना

दंडाच्या हाडाचा वरचा गोल भाग पाठीवरील पात्यासारख्या हाडाच्या उथळ खोबणीवर टेकलेला असतो. खुब्याचा सांधा खोल वाटीतील चेंडूसारखा आहे, तर खांदा हा बशीवर ठेवलेल्या चेंडूसारखा आहे. त्यामुळे खांदा शरीरातील इतर कोणत्याही सांध्यापेक्षा अधिक फिरतो, पण त्याचे स्थैर्य हाडांवर थोडे आणि स्नायूंवर फार अवलंबून असते. चार स्नायूंचे बंध त्या गोलाला चारी बाजूंनी धरून ठेवतात. त्यांना मिळून 'रोटेटर कफ' म्हणतात. हे बंध ज्या दोन उंचवट्यांवर चिकटलेले असतात, ते उंचवटे, वरचा गोल आणि खालची नळी असे दंडाच्या वरच्या टोकाचे चार भाग मानले जातात.

न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक डॉ. चार्ल्स नीअर यांनी १९७० मध्ये या चार भागांच्या आधारे अस्थिभंगांचे वर्गीकरण केले. एखादा भाग १ सेंटीमीटरपेक्षा अधिक सरकला असेल किंवा ४५ अंशांपेक्षा अधिक वळला असेल, तरच तो 'विस्थापित' धरावा, असे त्यांनी ठरविले. आजही जगभर डॉक्टर हीच भाषा वापरतात. आपल्या अहवालात 'टू पार्ट', 'थ्री पार्ट' किंवा 'फोर पार्ट' असे शब्द दिसले, तर त्यांचा अर्थ हा असा आहे. एक्स-रेमध्ये चार तुकडे दिसले तरी ते जागच्या जागी असतील, तर तो अस्थिभंग सौम्य समजला जातो. म्हणून डॉक्टरांना 'किती तुकडे झाले?' एवढेच न विचारता 'किती सरकले?' हेही विचारावे.

पहिले काही दिवस

बहुतेक वेळा हा अस्थिभंग उभ्या उंचीवरून पडल्याने होतो. पहाटेच्या अंधारात उठताना, न्हाणीघरात, प्रक्षाळानंतर ओल्या राहिलेल्या मंदिराच्या संगमरवरी फरशीवर अनवाणी चालताना, चातुर्मासात पावसाने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर तोल जातो आणि माणूस हातावर किंवा खांद्यावर आदळतो.

पडल्यानंतर खांदा दुखत असेल आणि हात उचलता येत नसेल, तर हात रुंद रुमालाने किंवा ओढणीने गळ्यात बांधावा, बोटांतील अंगठ्या व हातातील बांगड्या सूज येण्यापूर्वीच काढाव्यात आणि त्याच दिवशी एक्स-रे करावा. तेल लावून चोळणे, हात ओढून 'बसविणे', गरम शेक देणे हे प्रकार करू नयेत. आत तुटलेल्या हाडाच्या कडा धारदार असतात आणि त्यांच्या अगदी जवळून दंडाची मुख्य रक्तवाहिनी व मज्जातंतू जातात. खांद्याच्या बाहेरच्या बाजूस बधिरपणा जाणवत असेल, किंवा हात थंड व पांढरा पडला असेल, तर डॉक्टरांना तत्काळ सांगावे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळानिळा डाग कोपरापर्यंत आणि छातीच्या कडेपर्यंत उतरतो. हे पाहून घरचे लोक फार घाबरतात. ते हाडातून पाझरलेले रक्त असते, गुरुत्वाकर्षणाने खाली येते आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरते. पाठीमागे उशा रचून अर्धवट बसल्या अवस्थेत झोपल्यास रात्रीच्या वेदना पुष्कळ कमी होतात.

शस्त्रक्रिया कोणाला करावी?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि येथे दोन्ही टोकांच्या चुका होतात. काही कुटुंबे 'वय झाले, आता कशाला चिरफाड' म्हणून आवश्यक शस्त्रक्रियाही टाळतात. काही कुटुंबे 'आम्हाला पैशाची चिंता नाही, सर्वांत मोठे ऑपरेशन करा' असा आग्रह धरतात. दोन्हींमागे प्रेमच असते, परंतु निर्णय प्रेमाने नव्हे, तर माहितीने घ्यावयाचा असतो.

बहुसंख्य वृद्धांमध्ये तुकडे फारसे सरकलेले नसतात आणि अशा वेळी शस्त्रक्रियेची गरज नसते. झोळी आणि योग्य व्यायाम एवढ्यावर हाड जुळते. तुकडे सरकलेले असतील तर काय करावे, याचा एक मोठा तौलनिक अभ्यास ब्रिटनमध्ये झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात २५० रुग्ण होते. निम्म्यांवर शस्त्रक्रिया केली, निम्म्यांना केवळ झोळी व व्यायाम दिले. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांतील रुग्णांच्या हाताच्या कार्यक्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि पाच वर्षांनंतरच्या पाहणीतही चित्र बदलले नाही. या अभ्यासाने जगभरातील अस्थिरोगतज्ज्ञांना विचार करावयास लावले.

परंतु त्याचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे असा नाही. ज्यांना शस्त्रक्रियेवाचून पर्यायच नव्हता, असे रुग्ण त्या अभ्यासात घेतलेले नव्हते. अस्थिभंगाबरोबर सांधाही निखळला असेल, गोलाचेच दोन तुकडे झाले असतील, हाड त्वचेबाहेर आले असेल, रक्तवाहिनीला इजा झाली असेल, किंवा तुकडे एकमेकांपासून पूर्णपणे दुरावले असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार करावाच लागतो. त्यातही रुग्णाचे वय जन्मतारखेवरून मोजून चालत नाही. रोज कचनेरला पायी जाण्याची हिंमत बाळगणारे पंचाहत्तरीचे गृहस्थ आणि अनेक आजारांनी खंगलेले पासष्टीचे गृहस्थ यांना एकच उपाय लागू पडत नाही.

शस्त्रक्रियेचे प्रकार

पहिला प्रकार म्हणजे तुकडे जागेवर आणून पट्टी व स्क्रूने बांधणे. या शतकाच्या आरंभापासून स्क्रू पट्टीतच घट्ट बसतील अशा 'लॉकिंग प्लेट' आल्या आणि ठिसूळ हाडातही पकड मिळू लागली. तरीही फार पोकळ झालेल्या हाडात गोल खाली बसतो आणि स्क्रूची टोके सांध्यात शिरू शकतात. शिवाय गोलाचा रक्तपुरवठा तुटला असेल, तर नीट जुळवलेला गोलही पुढे काही महिन्यांनी निर्जीव होऊन खचतो. काही अस्थिभंगांत पट्टीऐवजी हाडाच्या पोकळीत सळई बसवितात.

दुसरा प्रकार म्हणजे कृत्रिम सांधा. याचा इतिहास मनोरंजक आहे. पॅरिसचे शल्यचिकित्सक पेआँ यांनी १८९३ मध्ये क्षयाने नष्ट झालेल्या खांद्याच्या जागी प्लॅटिनम व रबराचा सांधा बसविला होता. पण जंतुसंसर्गामुळे तो दोन वर्षांनी काढावा लागला. १९५० च्या दशकात नीअर यांनी धातूचा गोल प्रचारात आणला. मोडलेल्या गोलाच्या जागी तो बसविल्याने वेदना कमी होत. परंतु स्नायूंचे बंध धरलेले उंचवटे जर नीट जुळले नाहीत, तर हात वर उचलता येत नसे, आणि वृद्धांत हे वारंवार घडे.

या अडचणीवर फ्रान्सच्या दिझाँ शहरातील डॉ. पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये उपाय शोधला. त्यांनी सांधाच उलटा केला. गोल पाठीच्या पात्यावर आणि वाटी दंडावर! त्यामुळे फिरण्याचा मध्यबिंदू आत व खाली येतो आणि रोटेटर कफ निकामी असला तरी खांद्यावरील मोठा डेल्टॉइड स्नायू एकटा हात उचलू शकतो. यालाच 'रिव्हर्स शोल्डर' म्हणतात. नॉर्वेमध्ये ६५ ते ८५ वयोगटातील, गंभीररीत्या विस्थापित अस्थिभंग झालेल्या १२४ रुग्णांवर पट्टी आणि उलटा सांधा यांची तुलना करण्यात आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनी उलट्या सांध्याच्या गटाला खांद्याच्या कार्यक्षमतेचे १०० पैकी सरासरी ६८ गुण मिळाले, पट्टीच्या गटाला सुमारे ५५. म्हणजे वृद्धांत शस्त्रक्रिया करावयाचीच झाल्यास आणि तुकडे फार सरकलेले असल्यास उलटा सांधा पुष्कळदा अधिक भरवशाचा ठरतो. मात्र जंतुसंसर्ग, सांधा निखळणे यांसारखे धोके त्यातही आहेत आणि तो बिघडल्यास पुढचा उपाय अवघड असतो.

शस्त्रक्रियेचा निर्णय दोन ते तीन आठवड्यांच्या आत झालेला बरा, कारण त्यानंतर तुकडे चुकीच्या जागी चिकटू लागतात. तोवर मधुमेह, रक्तदाब, हृदय यांची तपासणी करून घ्यावी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास आवर्जून सांगावे. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यास हरकत नसावी. आपल्या शहरात १९५६ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, आहे, तसेच इतर मोठी रुग्णालयेही आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्यात आले आहे. कोणती शस्त्रक्रिया त्यात बसते, हे रुग्णालयातील योजनेच्या कक्षात आधीच विचारावे.

हाड भरते, हात परत मिळवावा लागतो

अस्थिभंगाच्या जागी प्रथम रक्ताची गाठ होते. दोन-तीन आठवड्यांत तिच्या जागी मऊ जोड तयार होतो. सहा ते बारा आठवड्यांत तो कठीण होतो. हे कार्य शरीर स्वतः करते. डॉक्टर फक्त अनुकूल परिस्थिती निर्माण करतो. परंतु खांद्याचा सांधा न हलविता ठेवला, तर त्याभोवतीचे आवरण आकसते आणि हाड उत्तम जुळूनही हात जखडलेला राहतो. मोडलेल्या हाडापेक्षा अतिविश्रांतीनेच अनेक हात वाया जातात. 'आई, तुम्ही हात अजिबात हलवू नका' असे प्रेमाने सांगणाऱ्या सुना-मुलांनी हे लक्षात घ्यावे.

बोटे, मनगट आणि कोपर यांची हालचाल पहिल्या दिवसापासूनच सुरू करावी. साधारणतः एक ते दोन आठवड्यांनी, डॉक्टरांच्या अनुमतीने, लोलकाचा व्यायाम सुरू होतो. चांगल्या हाताने टेबलाचा आधार घेऊन किंचित वाकावे आणि दुखरा हात सैल सोडून घड्याळाच्या लंबकासारखा हलू द्यावा. येथे हात उचलावयाचा नसतो, सोडावयाचा असतो, आणि नेमके हेच रुग्णांना जमत नाही. वेरूळच्या जैन लेण्यांत कायोत्सर्गात उभे असलेले भगवान बाहुबली आपण सर्वांनी पाहिले आहेत. दोन्ही बाहू खांद्यापासून सरळ खाली सोडलेले, कोठेही ताण नाही. कायोत्सर्गाचा सराव असलेल्या श्रावकांना हा व्यायाम समजावून सांगणे सोपे जाते.

तीन-चार आठवड्यांनी चांगल्या हाताच्या मदतीने दुखरा हात वर नेणे, सहा आठवड्यांच्या सुमारास स्वतःच्या बळावर उचलणे आणि सुमारे तीन महिन्यांनी ताकदीचे व्यायाम, असा स्थूल क्रम आहे. शस्त्रक्रियेनंतरही क्रम हाच असतो, वेळा मात्र शल्यचिकित्सक ठरवितात. सुधारणा वर्षभर होत राहते. तिसऱ्या महिन्यात हात पूर्ण वर जात नाही म्हणून निराश होऊन व्यायाम सोडू नये. हाडाच्या जुळणीवर तंबाखूचाही दुष्परिणाम होतो, हे त्या व्यसनात अडकलेल्या बंधूंनी ध्यानात ठेवावे.

एक सूचना विशेषतः आपल्यासाठी. सामायिकानंतर आसनावरून उठताना आपण हात जमिनीवर टेकून शरीराचा सारा भार त्यावर टाकतो. डॉक्टर परवानगी देईपर्यंत हे कटाक्षाने टाळावे. तेवढे दिवस सामायिक खुर्चीवर बसून करावे आणि खमासमणांऐवजी मस्तक नमवून वंदन करावे.

आपले नियम आणि उपचार

'औषधात प्राणिज काही आहे का?' हा प्रश्न आपल्याकडील रुग्ण विचारतात आणि तो विचारण्यात संकोच नसावा. आपल्या पूर्वजांनीही तो विचारला होता. नवव्या शतकात उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथ रचून मद्य, मांस आणि मध वर्ज्य असलेली औषधयोजना सांगितली. १९४० मध्ये तो ग्रंथ सोलापूरहून प्रसिद्ध झाला. आजच्या परिस्थितीत एवढे सांगतो : खांद्याच्या पट्ट्या व सांधे धातू आणि प्लॅस्टिकचे असतात. टाके कृत्रिम धाग्याचे घालता येतात. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते, ड जीवनसत्त्वाचा डी-३ प्रकार बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून बनतो आणि रक्त गोठू नये म्हणून दिली जाणारी हेपॅरिन गटातील इंजेक्शने डुकराच्या आतड्यापासून तयार होतात. यांपैकी अनेकांना पर्याय आहेत. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी विचारले, तर डॉक्टर विचार करू शकतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर विचारून उपयोग नाही.

चौविहार पाळणाऱ्यांनी तसे आधीच सांगावे, म्हणजे औषधांच्या वेळा शक्य तेथे सूर्यास्तापूर्वी बसविता येतात. हाड जुळण्याच्या काळात दीर्घ उपवासांविषयी मात्र विवेक ठेवावा. या काळात शरीराला प्रथिने लागतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला किमान १ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हे ज्येष्ठांसाठीचे स्थूल प्रमाण आहे. एक पेला दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. नाचणी, तीळ, मूग, हरभरा, पनीर यांची जोड द्यावी. पच्चक्खाणात समाधीसाठी आगार ठेवलेले आहेत, हे आपण जाणता. तपाचा संकल्प केव्हा करावा, याविषयी गुरुभगवंतांशी मोकळेपणाने बोलावे.

पुढचे हाड वाचवू या

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उभ्या उंचीवरून पडून खांदा मोडला, याचा अर्थ हाडे विरळ झाली आहेत, हे गृहीत धरून तपासणी केली पाहिजे. अमेरिकेतील वृद्ध स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत, २००९ मध्ये असे दिसले की खांदा मोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षात खुबा मोडण्याचा धोका पाचपटीहून अधिक होता. खांद्याच्या अस्थिभंगातून माणूस सावरतो. खुब्याच्या अस्थिभंगातून प्रत्येक जण सावरत नाही. आणि तरीही खांदा बरा झाला की फाईल कपाटात जाते आणि हाडांच्या ठिसूळपणाचा उपचार कोणी सुरूच करत नाही.

म्हणून हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम व मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घ्याव्यात आणि डॉक्टरांनी औषध सुचविल्यास ते नियमित घ्यावे. आठवड्यातून एकदा घ्यावयाची गोळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेतात आणि त्यानंतर अर्धा तास आडवे न होता, काही न खाता राहावे लागते. नवकारसी करणाऱ्यांनी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पच्चक्खाण पारून प्रथम ही गोळी घ्यावी आणि अर्ध्या तासाने न्याहारी करावी. नियमही पाळला जातो आणि औषधही. ज्यांना हे जमत नाही, त्यांच्यासाठी वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे औषध आहे.

घरात रात्री मंद दिवा, न्हाणीघरात धरावयाची दांडी, मोतीबिंदूची वेळेवर शस्त्रक्रिया, झोप आणणाऱ्या गोळ्यांवर नियंत्रण आणि रोजचे चालणे, एवढ्याने पडण्याचे प्रसंग कमी होतात. विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे की, प्रक्षाळानंतर मंदिराची फरशी कोरडी पुसण्याची व्यवस्था असावी, पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा असावा आणि स्थानकात व मंदिरात ज्येष्ठांसाठी हाताचा आधार असलेल्या चार खुर्च्या कायम ठेवाव्यात. या तीन गोष्टींचा खर्च एका शस्त्रक्रियेपेक्षा कमी आहे. सुवर्ण महोत्सवी वर्षात ट्रस्टने एवढे केले, तरी अनेक ज्येष्ठांचे हात कलश उचलण्यासाठी आणि नातवंडांना जवळ घेण्यासाठी शाबूत राहतील.

 बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.